दोन ताहेरा बी

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. पडेगावच्या डॉक्टर शफींच्या दवाखान्यातली. उस्मानपुऱ्यातल्या बाइंडरने मला जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ दिली. नऊ वर्षं वस्तीतल्या माणसांची दुखणी डॉक्टरांनी माझ्यात लिहिली. "ही वही नसती तर माझं कसं झालं असतं?" असं ते म्हणायचे, तेव्हा मला धन्य वाटायचं.

मग लागोपाठ दुष्काळ पडले. गावं सोडून माणसं वाळूजच्या कारखान्यांत कामाला आली. वस्ती फुगली, दवाखान्यात उभं राहायला जागा उरेना. डॉक्टरांनी संगणक आणला. आठवडाभरात माझी पानं घाईघाईने त्यात उतरवली गेली आणि मी कपाटात गेले.

धाकधूक मला तेव्हापासूनच होती. संगणक आडनाव मागायचा. वस्तीतल्या कित्येक बायकांना आडनावच नव्हतं, म्हणून सगळ्यांना 'बी' लावलं. माझ्यात वेगवेगळ्या पानांवर दोन ताहेरा होत्या. संगणकात दोघींची मिळून एकच 'ताहेरा बी' उरली.

एका दुपारी त्यांतली थोरली आली. पाण्याच्या टँकरच्या गर्दीत पत्रा लागून तिचा पाय चिघळला होता.

"जल्दी सुई लगाव डाक्टरसाब, पानी का नंबर जाता."

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा पाहिला. औषधाची ॲलर्जी : नाही. एरवी ते प्रत्येकाला विचारायचे. आज पडद्यानेच उत्तर दिलं, म्हणून विचारायचं राहिलं. त्यांनी पेनिसिलिन भरायला सांगितलं.

मित्रांनो, माझ्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'पेनिसिलिन देऊ नये. मागे श्वास कोंडला होता.' पण मला तोंड कुठं? माझा जीव टांगणीला लागला.

सुई भरता भरता नर्स आशाबाई थबकल्या. "डॉक्टर, इथं वय चौतीस दिसायलंय. ह्या तर मोईनच्या आई, साठीच्या. ही ती ताहेरा नाय!"

त्यांनी मला बाहेर ओढलं. भराभर पानं उलटली. लाल शाई दिसली आणि डॉक्टरांनी भरलेली सुई बाजूला ठेवली.

"चाची, तुम्ही सांगितलं का नाही?"

"मेरे को सुई का नाम क्या मालूम, बेटा? तुम लिख के रखे थे ना?"

डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. संगणक त्यांनी काढून टाकला नाही. मला वाळवी लागली असती तर ती लाल ओळही गेली असती, हे मलाही कळतं. पण आता ते एकेकाला समोर बसवतात, माझ्या पानावरचं आईचं नाव, गल्ली आणि चालत नसलेली औषधं मोठ्याने वाचून दाखवतात, आणि होकार मिळाल्यावरच संगणकात नोंद करतात.

माझी दोनशे पानं अजून वाचून दाखवायची उरली आहेत. त्यांतली काही माणसं कुठे गेली, कोणालाच ठाऊक नाही. मित्रांनो, मला खुशाल रद्दीत द्या. पण आधी माझं प्रत्येक पान ज्याचं त्याला वाचून दाखवा.