वस्तऱ्याची पाठ

मित्रांनो, वेल्ह्याच्या बाजारात ज्ञानूकाकांचं सलून आहे. तिथल्या खणात शिंगाच्या मुठीचा एक जुना वस्तरा पडून असतो, तो मी. कधीकाळी चामड्याच्या पट्ट्यावर मला रोज धार लागायची आणि भलेभले माझ्यापुढे गपगुमान मान वर करून बसायचे. पुढे दर गिऱ्हाइकाला नवं पातं लावायची पद्धत आली. माझा मान गेला, धारही गेली. आधी वाईट वाटलं, मग तेही वाटेनासं झालं.

एकाच गिऱ्हाइकासाठी मला बाहेर काढत. वरच्या वस्तीवर शेळ्यामेंढ्या राखणारा सिद्धनाथ. तिशी उलटली तरी त्याला मिसरूड फुटलं नव्हतं, आवाजही लहान पोराचाच राहिला होता. मोबाईलवर बोलला की पलीकडचा माणूस ‘ताई’ म्हणायचा. बाकावरची माणसं हसू नयेत म्हणून ज्ञानूकाका त्याच्या गालांना भरपूर फेस लावत आणि त्यावरून माझी पाठ फिरवत. वर तुरटीही लावत. बारा वर्षं दर बाजारी आमचं हे नाटक चाललं. सुरुवातीला आरशात बघताना त्याचे डोळे भरून यायचे. नंतर तो भिंतीकडे बघावं तसा स्वतःकडे बघू लागला. आपण त्याची अब्रू राखतोय, असं मला वाटे.

एका बाजारी त्याची आई रतनबाई सलूनच्या दारात येऊन उभी राहिली. बायका तिथं सहसा येत नाहीत. दर आठवड्याला दाढी करतो म्हणून लेकाचे गाल गुळगुळीत, असं ती धरून चालली होती. ती त्याच्यासाठी मुलगी बघत होती आणि तिच्या कानावर काहीबाही आलं होतं. खरं काय, ते तिनं काकांना विचारलं.

काकांनी मला खाली ठेवलं. “दाढी येतच न्हाई त्याला, वैनी. म्या नुसती वस्तऱ्याची पाठ फिरवतो. चुकलं माझं.”

खुर्चीत फेसासकट बसलेल्या सिद्धनाथनं आरशातूनच आईकडे बघितलं.

“काय बी वाटत न्हाई आता, आये,” तो म्हणाला. “लई वर्सं झाली.”

दाढीच्या गोष्टीनं नव्हे, या बोलण्यानं रतनबाई हबकली. तिनं पदरानं त्याचा फेस पुसला आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं त्याला पुण्याला नेलं. पुढचं मला काकांच्या बोलण्यातून कळलं. वयात यायचा निरोप मेंदूकडून शरीराला मिळालाच नाही, असं ते क्वचित आढळणारं दुखणं होतं. यात कुणाचा दोष नव्हता, आणि इंजेक्शनं अजूनही लागू पडणार होती. मनाच्या डॉक्टरांकडेही जायला सांगितलं होतं, कारण इतक्या वर्षांचं गप्प राहणं इंजेक्शननं निघत नाही.

दीड वर्षानं तो आला. हनुवटीवर विरळ केस होते. काकांनी नवं पातं लावलं. खण अर्धा उघडा होता, म्हणून मला दिसलं. तुरटी लावताच सिद्धनाथनं मान झटकली.

“काका, झोंबतंय.”

आवाज जाड झाला होता. तीच तुरटी, पण बारा वर्षांत त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, कुणाची वाढ मागं राहिली तर हसू नका. आमच्यासारखं मायेनं झाकूही नका. जवळ बसून विचारा, दवाखान्यात न्या. जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. मला पुन्हा कधी बाहेर काढावं लागू नये.