नेल्बाच्या उशीवरचा हेडफोन

माझं काम ऐकवायचं, बोलायचं नाही. पण गेले कित्येक महिने माझ्यातून एक सूरही गेलेला नाही, आणि इतकं गप्प राहायची मला सवय नाही. म्हणून आज बोलतोय.

मी एक हेडफोन. मोठ्या गोल वाट्यांचा, मखमली गाद्यांचा, घरात बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी बनवलेला. माझी पाठ उघडी आहे. इतरांच्या वाट्या बाहेरून घट्ट बंद असतात. माझ्या वाट्यांना नुसती जाळी. त्यामुळे माझ्यातलं गाणं थोडं बाहेर झिरपतं आणि बाहेरचं जग थोडं आत येतं. काहींना हा दोष वाटतो. दुकानात मला हातात घेऊन, नाक मुरडून परत ठेवणारे मी खूप पाहिले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईने माझी जाळी बसवली, मला कानाला लावून पाहिलं आणि मान हलवून पुढे सरकवलं, एवढंच. मग खोका, बोटीतला काळोख, आणि शेवटी मोन्तेविदेओ शहरातल्या एका दुकानाचा खालचा कप्पा. तिथे मी धूळ खात पडलो होतो. तेव्हा आदेमार आला.

आदेमार शहरातली बस चालवून निवृत्त झालेला माणूस. अंगाने आडवा, जाड भिंगांचा चष्मा, डोकं चांगलंच मोठं. दुकानातल्या मिकाएला नावाच्या मुलीने त्याला आधी एक बंद पाठीचा हेडफोन घातला.

"बघा आजोबा, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येणार नाही."

त्याने तो चटका बसल्यासारखा काढून टाकला.

"असा नको. हा घातला आणि शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली तर?"

"ऐकू येऊ नये म्हणूनच तर लोक घेतात!"

"मला ऐकू यायला हवं."

मिकाएलाने वाकून मला बाहेर काढलं आणि फुंकर मारली. "हा घ्या. पण आधीच सांगते, याच्यातलं शेजारच्यालाही ऐकू जातं. बसमध्ये घातलात तर लोक शिव्या देतील."

"पोरी, मी जन्मभर बसच चालवली. शिव्यांवाचून आता करमत नाही."

ती हसली. मग त्याने मला डोक्यावर चढवलं, आणि सहज म्हणून नव्हे, नीट पारखून. चष्म्याच्या काड्या टोचतात का, ते बघायला तो बराच वेळ तसाच बसून राहिला. माझी पकड घट्ट वाटली तेव्हा मिकाएलाने पट्टी सैल केली. त्याने मान खाली घातली, वर केली, डुलवली. उन्हाळ्यात कान उकडतील का, वायर खुर्चीपर्यंत पुरेल का, गाद्या झिजल्या तर नव्या मिळतील का, सगळं विचारून झालं. मग गाणी. टँगो लावून पाहिला, एक ऑपेरातली बाई, एक गिटारवाला, आणि शेवटी त्याच्या गल्लीत वाजतात तसे ढोल.

"मी सगळंच ऐकतो," तो म्हणाला. "एकाच प्रकारचं ऐकणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही."

मग त्याने तिला एक विचित्र विनंती केली. "त्या कपाटामागे जा आणि मला हाक मार. माझं नाव आदेमार."

ती गेली. गाणं चालूच होतं. "आदेमार!"

"हळू मार."

"आदेमार."

"अजून हळू. दम नसलेल्या माणसासारखी."

कपाटामागून पुटपुटल्यासारखा आवाज आला. आदेमारने लगेच हात वर केला. चेहरा असा उजळला होता की मिकाएलाने पुढे काही विचारलंच नाही. मला कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

त्याचं घर त्याच शहरातल्या पालेर्मो वस्तीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दार उघडलं ते त्याच्या मुलीने, फाबियानाने. ती उत्तरेला साल्तो गावात राहायची आणि अधूनमधून आईला बघायला यायची. तिने पिशवीत डोकावलं आणि तिचा चेहराच बदलला.

"हे आणायला गेला होतास? बाबा, आई अशी पडलीय आणि तुला गाणी सुचतायत?"

आदेमारने सांगायला हवं होतं. पण त्याचा स्वभाव आडमुठा. "सुचतायत," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

आतल्या खोलीत नेल्बा होती. त्याची बायको. वर्षभरापूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तुटक झालं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला आवाज सोसेनासा झाला. भांडं पडलं तरी ती डोकं धरून कळवळायची. ज्या घरात सकाळपासून गाण्यांच्या तबकड्या फिरायच्या, ते घर मुकं झालं होतं. रविवारी कोपऱ्यावर शेकोटी पेटवून पोरं ढोलांची कातडी तापवायला लागली की आदेमार धावत जाऊन खिडक्या लावायचा आणि तिच्या कानांवर उशी धरायचा. ही तीच नेल्बा, जी तरुणपणी त्या ढोलांपुढे नाचत अख्खी गल्ली पालथी घालायची. उशीखाली ती रडायची. आवाजाने की आठवणीने, ते कुणाला ठाऊक.

पहिले काही दिवस आदेमार मला घालून बाहेरच्या खोलीत बसला. एक कान गाण्याकडे, एक तिच्याकडे. ती अगदी हळू "म्हाताऱ्या" म्हणायची, आणि तो उठलेला असायचा. पाणी, औषध, कूस बदलणं. परत येऊन मला चढवायचा. मला त्या वेळी वाटायचं, माझं नशीब चांगलं. माझ्या मखमलीखाली एक माणूस वर्षभराने थोडा सैलावत होता.

एका दुपारी तो माझी वायर लांबवून तिच्या पलंगाशेजारीच बसला. येर्बाचा कडू काढा नळीने ओढत, मला कानांवर घेऊन, आवाज अगदी बारीक करून. ती झोपलीय असं त्याला वाटलं होतं.

"काय ते?" ती म्हणाली.

तो दचकला. "त्रास होतोय? बंद करतो."

"नाही." बराच वेळ शब्द शोधून ती म्हणाली, "मुंग्या. मुंग्या ढोल वाजवतायत."

आदेमारने मला काढलं आणि तिच्या उशीवर, तिच्यापासून हातभर लांब ठेवलं. माझ्या जाळीतून ढोल झिरपत होते, इवलेसे, दूरच्या गावात वाजावेत तसे. तिच्या चांगल्या हाताचं एक बोट चादरीवर हललं. थांबलं. परत हललं. ताल बरोबर होता.

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा काढा गार झाला.

त्या दिवसापासून मी कानांवरचा राहिलो नाही, उशीवरचा झालो. माझ्या कारखान्यातल्या कुणी असा विचार केला नसेल. रोज दुपारी तो तबकड्यांचा गठ्ठा आणायचा आणि तिला एकेक दाखवायचा. ती मान हलवायची किंवा तोंड वाकडं करायची. ऑपेरातल्या बाईला तिने पहिल्याच दिवशी हाकललं.

"ओरडते," ती म्हणाली.

"अगं, मुंगीएवढी ओरडते."

"तरी."

ब्राझीलची गाणी तिला चालायची. जुने टँगो काही दिवस आवडायचे, काही दिवस नाही. आदेमारला गिटारवाला प्रिय, पण ती त्याला "झोपाळू" म्हणायची. त्यांच्या भांडणात शब्द मोजकेच असत, तरी ती भांडणंच होती, खरीखुरी, आणि ती चालली असताना त्या खोलीत आजारपण असल्याचं मी विसरून जायचो.

फाबियाना आली की मात्र मी परत खुंटीवर. तिच्यासमोर तो मला काढायचा नाही. एकदाच ती न सांगता आली, तेव्हा नेल्बाला डोळा लागला होता आणि आदेमार मला घालून खुर्चीत होता. फाबियानाने दारातूनच पाहिलं. आईचे पाय चेपत बसली, आणि त्याच्याकडे पाठ फिरवूनच बसली.

पानगळीच्या दिवसांतल्या एका दुपारी त्याने बोलेरो चालीतलं एक प्रेमगीत लावलं. हळवं, संथ. मी उशीवर होतो. नेल्बाने थोडा वेळ ऐकलं आणि भुवया आवळल्या.

"नको. रडकं."

"मग काय लावू? ढोल?"

तिने डोळ्यांनी हो म्हटलं. तो बाहेरच्या खोलीत गेला. तबकडी काढली, पुसली, दुसरी चढवली, सुई टेकवली. माझ्यातून ढोल सुरू झाले. तो हसत आत आला, काहीतरी चिडवायच्या बेतात. "घे, आल्या तुझ्या मुंग्या," असं म्हणाला.

तिचं बोट हललं नाही.

तो तिच्याशेजारी बसला. तिचा हात हातात घेतला. मी वाजत राहिलो. मला थांबता येत नाही, थांबवावं लागतं. तबकडीची पूर्ण बाजू संपेपर्यंत त्याने मला थांबवलं नाही.

दफनाच्या दिवशी माणसं आली, गेली. संध्याकाळी स्वयंपाकघरात फाबियाना कप विसळत होती. विसळता विसळता थांबली.

"बाबा, एक विचारू? ती गेली तेव्हा तू काय करत होतास?"

"तबकडी बदलत होतो."

तिने कप खाली ठेवला. "मला वाटलंच होतं."

त्याने तेव्हाही सांगितलं नाही. मला वाटतं, त्याला स्वतःलाही तिच्यासारखंच वाटत असावं. की चार पावलं लांब, पाठ फिरवून, तो एका तबकडीवरची धूळ पुसत होता.

फाबियाना साल्तोला परतली. घरात आदेमार आणि मी. सकाळी उठून तो येर्बा भिजवायचा, खुर्चीत बसायचा आणि मला डोक्यावर चढवायचा. पण तबकडी लावायचा नाही. माझी वायर तबकड्यांच्या यंत्राला जोडलेलीसुद्धा नसायची. आम्ही दोघं तसेच बसायचो. माझ्या जाळीतून घर आत यायचं. नळाचं टपटपणं, जिन्यावरची पावलं, वरच्या मजल्यावरचा रेडिओ, फळीचा करकर आवाज. हवा होता तो आवाज त्यात नसायचा. रविवारी ढोल यायचे. खिडक्या आता उघड्याच असायच्या. लावायचं कारण उरलं नव्हतं. ढोल जवळ आले की तो मला काढून मांडीवर ठेवायचा आणि दोन्ही हातांनी झाकून धरायचा. माझे कान तो कशापासून वाचवत होता, देव जाणे.

हिवाळ्यात फाबियाना त्याला साल्तोला न्यायला आली. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. तो खुर्चीत होता, डोळे मिटून, मी डोक्यावर. ती तशीच, कोटासकट, समोर उभी राहिली.

"आता तरी पुरे कर ना! बाबा!" आणि तिने मला त्याच्या डोक्यावरून ओढून काढलं.

रागाच्या भरात तिने मला स्वतःच्या कानाला लावलं. मग वायर हातात घेतली. मोकळं टोक बघत राहिली.

"हे... यात काही लावलेलंच नाही."

"नाही."

"मग काय ऐकत बसतोस?"

आदेमारने चष्मा काढला. काच पुसली, परत घातला. "सवय लागली. घातला की वाटतं, आतून हाक मारेल. म्हणून तर हा घेतला होता. याच्यातून ऐकू यायचं."

फाबियाना खाली बसली, जमिनीवरच. त्याने मग सगळं सांगितलं. तुकड्यातुकड्याने, मध्येच थांबत. बाहेरची खोली, हाका, मग उशी. बोट. हाकललेली बाई. झोपाळू गिटारवाला.

"आईला त्रास नाही व्हायचा?"

"मुंग्या म्हणायची. मुंग्या ढोल वाजवतायत, म्हणायची."

फाबियाना हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला. "मला का नाही सांगितलंस रे? मी तुला काय काय बोलले."

"तू मला बोलत होतीस. आईला तर नाही ना. आणि शेवटी मी तबकडीच बदलत होतो, फाबि. ते खोटं नाही."

"तिनेच सांगितलं होतं ना बदलायला?"

"हो."

"मग?"

तिने त्याचे बूट आणले आणि लहान मुलाला घालावेत तसे त्याच्या पायांत घातले.

मला तिने स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळून नेलं. तबकड्याही आल्या, यंत्रही आलं. साल्तोत ऊन फार. परसात संत्र्याची झाडं आहेत, आणि आदेमार दिवसभर त्यांच्याखाली बसतो. पूर्वीपेक्षा बारीक झालाय. जेवतो, शेजाऱ्यांशी बोलतो, बसगाड्यांच्या गोष्टी सांगून हसवतोही. गाण्याचं नाव काढत नाही. मी त्याच्या खोलीतल्या कपाटाच्या कडीला लटकलेलो असतो. मखमलीवर धूळ बसलीय. डावी गादी एका बाजूने उसवत चाललीय.

तुम्ही कधी कुणासाठी हेडफोन निवडायला गेलात, तर तो डोक्याला कसा बसतो ते बघा, टोचतो का बघा, सगळ्या प्रकारची गाणी लावून बघा. आणि तो घालणाऱ्या माणसाला घरातलं काय काय ऐकू यायला हवंय, तेही एकदा विचारा. माझ्यासारख्यांचं आयुष्य त्या एका प्रश्नावर ठरतं.

माझं म्हणाल तर तक्रार नाही. दुसऱ्या कुणाला देऊन टाका, असंही मी म्हणणार नाही. फक्त एकदा, बारीक आवाजात का होईना, वाजायचंय. त्याच्यासाठी.

फाबियाना प्रयत्न सोडत नाही. आज दुपारीही ती मला झटकून, पुसून परसात घेऊन गेली. संत्र्यांच्या सावलीत त्याच्यापुढे धरलं.

"बाबा, आज काहीतरी लावूया? तुझा तो झोपाळू लावू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जाळीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"उद्या," म्हणाला.

रोज हेच म्हणतो. फाबियाना मला आत आणून परत कडीला लावते आणि सुस्कारा सोडावा तशी हळूच दार ओढून घेते. तिला वाटतं, तो टाळतोय. टाळतच असेल. पण त्याच्या डोक्यावर मी इतका काळ काढलाय, त्याचा आवाज मला कळतो. "नको" असं तो अजून एकदाही म्हणालेला नाही.