आण्णांच्या नावाचे ठोके

पाडव्याला विजयसिंहानं बापासाठी घड्याळ आणलं, तेव्हा बायनाबाईनं दिंद्रुड गावात दवंडी पिटायची तेवढी बाकी ठेवली. लेक असावा तर असा! वेळ काय, कुठलंही घड्याळ सांगतं. हे मनगटावर बसून काळजाचे ठोके मोजायचं. जुना एक मोबाइल टीव्हीजवळ चार्जिंगला लावून ठेवायचा. घड्याळानं मोजलेलं त्यात जायचं आणि तिथून थेट बीडला, विजयसिंहाच्या मोबाइलमध्ये.

"नुसते ठोके न्हाई, माय," त्यानं समजावून सांगितलं होतं. "दोन ठोक्यांमधलं अंतरबी मोजतंय. चांगलं काळीज जरा मागंपुढं करत चालतं. दमलेलं काळीज एकसारखंच चालायला लागतं. तसं काही दिसलं की मला हितं बसून कळंल. लगीच गाडी काढीन आन् आण्णांना दवाखान्यात नेईन."

बायनाबाईला नवलच वाटलं. तिचा समज असा, की एकसारखं चालतं तेच धड. पण ठोक्यांचं गणित गेलं उडत. लेक गाडी काढून येईल, या बोलण्याची तिनं पदराला गाठ मारून ठेवली.

आण्णांनी, म्हणजे अर्जुनरावांनी, मात्र ते घड्याळ धड आठवडाभरही घातलं नाही. जिल्हा परिषदेत ते दोनदा निवडून गेलेले, अजून एकदा उभं राहायची हौस होती. हौस कसली, ध्यासच होता. "हे बघून लोकं म्हनतील, अर्जुनराव थकला," असं म्हणत त्यांनी ते काढलं आणि बायकोपुढं धरलं. "मनगटाला खाजबी सुटती. तूच घाल. नुसतं पडून ऱ्हायलं तर पोराच्या मनाला लागंल."

तिनं घातलं. आता शहाणी माणसं म्हणतील, काय खुळी बाई! पण सांगा बरं, नवऱ्याच्या आयुष्यासाठी वडाला फेऱ्या कोण मारतं? उपास कोण धरतं? पोट हिचं रिकामं आणि पुण्य त्याच्या नावावर. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं, मग एक घड्याळ तेवढं जड होतं होय? तिनं ते बांगड्यांच्या मागं सरकवलं. ठोके माझे, नाव त्यांचं, मशीन काय नाव विचारतंय! लेकाचा फोन आला आणि त्यानं विचारलं, "आण्णा घड्याळ घालतेत ना?" की ही हसू दाबत म्हणायची, "घालतेत की!"

पोळ्याला पुरण हाटताना तिला एकाएकी दम लागला. चुलीपुढून उठून भिंतीला टेकून बसावं लागलं. मग ते रोजचंच झालं. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना मधेच थांबायची, आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. धाकटी जाऊ संगीता कानीकपाळी ओरडत होती, "बाई, माजलगावला जाऊन डॉक्टरला दावा."

"आगं, काही असतं तर विजूचा फोन आला नसता का?" बायनाबाई म्हणायची. "त्यो बसलाय की तितं बघत."

फोन यायचा. विजू पेरणीचं विचारायचा, गावात कोण कुणाकडं जातंय ते विचारायचा. शेवटी म्हणायचा, "आण्णांना लई फिरू देऊ नको, माय." तिला भरून यायचं. केवढी माया! काळजाचं मात्र तो चकार शब्द काढायचा नाही, आणि बायनाबाई निवांत व्हायची. लेक गप्प आहे म्हणजे सगळं बरं आहे. साधा दम तर लागतोय, वय झालं.

दिवाळी झाली आणि धर्मराजबापू घरी आले. तालुक्यात तिकीट कुणाला द्यायचं हे त्यांच्याच हातात. बायनाबाईनं चहा दिला आणि रिवाजाप्रमाणं दाराच्या आतल्या अंगाला उभी राहिली.

"अर्जुनराव, राग मानू नका," बापू म्हणाले. "औंदा विजयसिंहाला उभा करावा म्हनतो. तुमच्या तब्येतीपायी."

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?"

"आता लपवता कावून? विजयसिंहानं मोबाइलवर समदं दावलंय मला. पोळ्यापासून तुमच्या काळजाचं काही खरं न्हाई. बसल्या जागी ठोके वाढलेले, मधलं अंतर पार एकसारखं झालेलं. डॉक्टरला दाखवा, डॉक्टरला दाखवा, म्हणून ते यंत्र लाल अक्षरात बोंबलतंय. पोराचे डोळे भरलते वो. म्हनला, म्या सांगितलं तर आण्णा खचतील, बापू, तुमीच समजवा."

अर्जुनरावांनी मांडीवर थाप मारली आणि खदाखदा हसले. बाजी हातात आली होती ना! "आवो बापू, ते घड्याळ माझ्या हातात हायेच कुठं? पाडव्यापासून ते हिच्या..."

त्यांनी दाराकडं बघितलं. हसू तोंडावरच वाळून गेलं.

बायनाबाईच्या कानात एकच शब्द अडकला होता, पोळ्यापासून. आपल्याला काय झालंय याची तिला त्या घटकेला भीतीसुद्धा वाटली नाही. पोळा झाला, गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीला तर तो घरी आला होता. माझा हात पदराखाली होता, पण बापाच्या रिकाम्या मनगटाकडंही त्यानं एकदा वळून बघितलं नव्हतं. बापाच्या पाया पडला होता, माझ्या हातच्या चकल्या मागून घेऊन खाल्ल्या होत्या. बापाचं काळीज बसत चाललंय हे खिशात घेऊन चकल्या खात होता! आणि त्यानं ते नेऊन दाखवलं कुणाला? डॉक्टरला नाही, बापूंना. अरे, वैऱ्याचा बैल विहिरीच्या काठाला गेला तरी माणूस बांधावरून हाळी देतो. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

ती तरातरा टीव्हीपाशी गेली. त्याच जुन्या मोबाइलवरून फोन लावला, स्पीकर चालू केला आणि बैठकीत सगळ्यांना ऐकू जाईल असा हातात धरून उभी राहिली.

"विजू, ते ठोके आण्णांचे न्हाईत," ती म्हणाली. "घड्याळ माझ्या हातात हाय. पहिल्यापासून माझ्याच हातात हाय."

आणि आईचं काळीज किती बेशरम असतं बघा! एवढं कळूनही ती वाट बघत राहिली. आता म्हणेल, माय, तुला काय व्हतंय गं? दम लागतोय का? थांब, निघालोच मी. झालं गेलं सगळं ती तिथल्या तिथं पोटात घालणार होती. सावकास ये रं बाबा, गाडी पळवू नको, हे उत्तरसुद्धा तिच्या ओठावर येऊन बसलं होतं.

"माय," विजयसिंह आवाज बारीक करून म्हणाला, "बापू येऊन गेले का गं? त्यांच्यापुढं हे बोलली न्हाईस ना?"

बापूंनी मान खाली घातली. अर्जुनराव जागचे उठले, पण फोनकडं जायचं का बायकोकडं, हेच त्यांना उमजेना.

"माय? ऐकतीस ना? कुणाला सांगू नको सध्या..."

बायनाबाईनं फोन बंद केला. तिला रडायचं होतं, पण रडायलासुद्धा दम पुरेना. खांबाला धरून ती खाली बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवो, तुमीच न्या मला दवाखान्यात. त्यो काय येत न्हाई आता."