टेबलाखालची दीड मिनिटं

मी एक जुना यूपीएस आहे. मित्रांनो, वीज गेली की कॉम्प्युटरला काही मिनिटं जिवंत ठेवणारा टेबलाखालचा काळा डबा, तो मी. जंगलाला लागून असलेल्या मोहर्ली गावात मुश्ताकभाईंच्या टायपिंग सेंटरात आलो तेव्हा वीस मिनिटं टिकायचो, गिऱ्हाइकं वाकून पाहायची. पुढे लोडशेडिंग वाढलं आणि २००६ पर्यंत मी दीड मिनिटावर आलो. मग माझं नाव 'खटारा' पडलं.

मुश्ताकभाईंची मुलगी नाहीद टायपिंग करायची आणि रिकाम्या वेळात कॉम्प्युटरवर प्राणिसंग्रहालयाचा गेम खेळायची. तिच्या वाघिणीची पिल्लं दोनदा दगावली होती. त्या दुपारी धानाची शेती करणारे देवाजीभाऊ वनखात्याला द्यायचा अर्ज सांगायला आले. 'वाघीण पिल्लांसह माझ्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसते, तिला पकडून न्यावे.' पुढचं वाक्य त्यांना सुचेपर्यंत नाहीदनं गेम उघडला.

"अशा उघड्यावर कोनती वाघीन बाळंतीन होईन वं?" देवाजीभाऊंना राहवेना. "बांबू लाव."

तिनं लावला. थोड्या वेळानं दोघं एकदम ओरडले. पिल्लू जन्मलं होतं, दूध पीत होतं.

तेवढ्यात वीज गेली. वेळापत्रकाच्या सात मिनिटं आधी.

मी चीं-चीं सुरू केली. वरचा म्हातारा कॉम्प्युटर एक गोष्ट सेव्ह करायला मिनिटभर घ्यायचा.

"भाऊ, एकच वाचते. तुमचा अर्ज, नाई तं पिल्लू."

"पिल्लाले काय होते?"

"जन्मलंच नव्हतं, असं होते."

देवाजीभाऊ पडद्याकडे वाकले. माझ्याकडे सत्तर सेकंद उरले. मग पासष्ट.

"अर्ज मले पाठ हाये, पोरी. पिल्लू कोनाले पाठ हाये? दाब!"

कॉम्प्युटर घरघरू लागला. माझी चीं-चीं सलग झाली, पोट तापलं. होतं नव्हतं ते सगळं मी वर लोटलं. "झालं!" नाहीद ओरडली आणि मी विझलो. पुन्हा पेटलो नाही, कान तेवढे शाबूत राहिले.

संध्याकाळी वीज आल्यावर देवाजीभाऊंनी पाठ असलेला अर्ज सांगितला, "वाघीन पिल्लं घेऊन धुऱ्यावर हाये. पिल्लं मोठी होवोस्तोर तिकडं कोनी फिरकू नये, अशी पाटी लावावी."

"हाच पाठ होता का, भाऊ?"

"पयला चुकीचा पाठ झालता. कर टाइप."

आता मुश्ताकभाईंनी माझ्यावर पाण्याचा कॅन ठेवला आहे. तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या टेबलाखाली कोणी चीं-चीं करत असेल, तर शिव्या घालण्याआधी त्याची बॅटरी बदला. ते पिल्लू आता मोठं झालंय म्हणतात. मी पाहिलेलं नाही. टेबलाखालून पडदा दिसत नाही.