दुसरी घंटा

"काका, तुमची एकशे त्रेचाळीस नंबरची चाचणी लाल झाली हो!" टीमची लीड समोरच्या टेबलावरून ओरडली तेव्हा काका डब्याचं झाकण उघडत होते.

"होऊ दे. जेवून बघतो तिच्याकडे. चार दिवसांत एकशे बेचाळीस गुमान हिरव्या झाल्या, एखादी वांड निघायचीच."

काका म्हणजे त्या ऑफिसातले सगळ्यात थोरले. वय चौपन्न. बाकीची सगळी पोरं तिशीच्या आत-बाहेरची, आणि लीड तर काकांच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. पण कामाला पक्की. तिनेच काकांच्या गळ्यात हे काम बांधलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते काकांनीच करायला हवं होतं, कारण घाण त्यांचीच होती.

कंपनी वृद्धाश्रमांसाठी घंटा बनवायची. खाटेशेजारी बटण. म्हाताऱ्या माणसाने ते दाबलं की सिस्टरच्या टेबलावर पहिली घंटा वाजते. तीन मिनिटांत कोणी त्या खोलीत जाऊन उत्तराचं बटण दाबलं नाही, तर दुसरी घंटा, आणि ती अख्ख्या मजल्यावर बोंब मारते. हे सगळं चालवणारा प्रोग्राम रस्ट नावाच्या संगणकभाषेत लिहिलेला. त्यात कुठलंच काम दुसऱ्यासाठी खोळंबत नाही, प्रत्येक काम आपापल्या सवडीने होतं. त्यामुळे प्रोग्राम नीट चालतो का हे तपासणारी चाचणी लिहिणाऱ्याला वाट बघत बसावं लागतं. काकांनी सहा वर्षांपूर्वी ही वाट हाताने लिहिली होती. घंटा वाजली का? नाही? क्षणभर थांब. आता वाजली का? नाही? थांब. असे शंभर फेरे. दोनशे बारा चाचण्या आणि दोनशे बारा ठिकाणी तेच दळण, कुठे पन्नास फेरे तर कुठे दोनशे.

"काका, हे काय पारायण लावलंय?" लीडने एकदा हसत विचारलं होतं. "एकच फंक्शन लिहू या ना सगळ्यांना मिळून. अमुक होईपर्यंत थांब, आणि वेळ संपली तर चाचणी नापास कर. बस्स!"

तिने ते लिहिलंही. अकरा ओळींचं. काका गेले चार दिवस एकेक जुनं दळण उपटून तिथे तिचं फंक्शन बसवत होते. काम कंटाळवाणं होतं, पण काकांना कंटाळवाणी कामं आवडायची. डोकं गप्प राहतं.

जेवण झालं. काकांनी चष्मा पुसला आणि एकशे त्रेचाळीस उघडली.

चाचणी साधी होती. एकाच मजल्यावर दोन खोल्यांतून एकदम बटण दाबलं जातं. सिस्टर एका खोलीत जाते, तिथे उत्तराचं बटण दाबते. दुसऱ्या खोलीत कोणी जात नाही. तर त्या दुसऱ्या खोलीसाठी दुसरी घंटा वाजली पाहिजे. चाचणीत तीन मिनिटांऐवजी दोनच सेकंद धरले होते.

नवं फंक्शन सांगत होतं, वेळ संपली, घंटा वाजली नाही.

"घाई करतंय तुझं फंक्शन," काका म्हणाले. "जरा श्वास घेऊ दे त्याला."

त्यांनी मुदत पाच सेकंदांवरून तीस केली. लाल. साठ केली. लाल. मग दहा मिनिटं केली आणि हात बांधून बसून राहिले. दहा मिनिटांनी लाल.

आता काकांनी आपलं जुनं दळण परत काढून वाचलं. शंभर फेरे होते. घंटा वाजली तर बाहेर पड, असं होतं. वाजली नाही तर शंभराव्या फेऱ्यानंतर आपोआप बाहेर, तेही होतं. आणि बाहेर आल्यावर? बाहेर आल्यावर काहीच नव्हतं. घंटा वाजली म्हणून बाहेर आलो की दमून बाहेर आलो, हे विचारणारी एक ओळ असायला हवी होती. बाकी दोनशे अकरा ठिकाणी ती होती. इथे राहिली होती. त्यामुळे घंटा वाजो न वाजो, चाचणी पुढे सरकायची आणि हिरवी व्हायची. सहा वर्षं, रोज सकाळी, हिरवी.

ही चाचणी कोणी लिहिली हे यंत्र शेजारीच दाखवतं. बघायची गरज नव्हती, तरी काकांनी बघितलं. त्यांचीच होती.

मग त्यांनी मूळ प्रोग्राम उघडला. चूक सापडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. एका खोलीत उत्तराचं बटण दाबलं की मजल्यावरच्या सगळ्याच खोल्यांची तीन मिनिटं पुसली जात होती, आणि पुन्हा बटण दाबलं तरी नव्याने सुरू होत नव्हती. एकीला उत्तर दिलं की बाकीच्या सगळ्या मुक्या.

 हे त्यांनी आधी ऐकलं होतं. जवळजवळ याच शब्दांत, एका बाईच्या तोंडून.

दोन वर्षांपूर्वी काकांची आई अशाच एका वृद्धाश्रमात वारली. तो वृद्धाश्रम काकांनीच निवडला होता. "आपली घंटा आहे तिथे, ताई," असं त्यांनी बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. दुपारी अडीचला आईला श्वास लागला, तिने बटण दाबलं. ड्यूटीवरची सिस्टर त्या वेळी दुसऱ्या टोकाच्या खोलीत, न्हाणीत पडलेल्या एका आजोबांना उचलत होती. ती आईकडे पोचली तेव्हा तीन वाजत आले होते.

नंतर वृद्धाश्रमाच्या ऑफिसात सगळे बसले होते. व्यवस्थापक, ताई, काका आणि ती सिस्टर. ती रडत नव्हती. ती एकच सांगत होती, "पहिली घंटा मला ऐकू आली नाही, मी लांब होते, मान्य. पण दुसरी वाजलीच नाही हो. मी आजोबांच्या खोलीतलं बटण दाबलं आणि त्यानंतर अख्खा मजला मुका. दुसरी वाजली असती तर मी आजोबांना तसंच टाकून धावले असते."

व्यवस्थापकाने काकांकडे बघितलं. "तुम्ही तर यातलेच. तुम्हीच सांगा."

आणि काका म्हणाले होते, "दुसरी घंटा वाजतेच. तिची चाचणी मी स्वतः लिहिली आहे. रोज हिरवी असते."

ताईने तक्रारीवर सही केली. सिस्टर त्याच आठवड्यात घरी गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ते असं. आणि चोर तिथेच शेजारच्या खुर्चीत बसून साक्ष देत होता.

त्या दिवसाची नोंद कंपनीच्या यंत्रात होती. घंटा वाजल्याची नोंद तेव्हा ठेवत नसत, बटण दाबल्याची ठेवत. दोन वर्षं काकांचं ती उघडायचं धाडस झालं नव्हतं. आज त्यांनी उघडली. आईने बटण एकदा दाबलं नव्हतं. नऊ वेळा दाबलं होतं. शेवटचं दोन चाळीसला. काका उठून जिन्यात गेले आणि तोंडावर रुमाल धरून रडले. कोणी येतंय का याचंही भान त्यांना राहिलं नाही.

परत आल्यावर त्यांनी लीडला सगळं सांगितलं. आईचंही. ती पोरगी ऐकता ऐकता खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

"काका... अहो काका..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिने स्वतःला सावरलं. दोघांनी मिळून चूक दुरुस्त केली. ओळ एकच होती. एकशे त्रेचाळीस हिरवी झाली, या वेळी खरीखुरी. लीडने वरच्यांना फोन लावला, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या वृद्धाश्रमांत दुरुस्ती पोचेल असं ठरलं.

"आणि ती सिस्टर?" काकांनी विचारलं.

लीडने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "वरचे म्हणतात, कोणालाही लेखी काही द्यायचं नाही. आधी वकील बघणार. किती दिवस लागतील, मलाही कोणी सांगत नाहीये. मी भांडले काका, खरंच भांडले. पण माझं कोण ऐकतंय?"

"तुझा काय दोष गं?" काका म्हणाले. तिचा खरंच नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी ताईला फोन केला. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, आईच्या माघारी घरातलं शेवटचं वडीलधारं माणूस. काकांनी तिला सगळं सांगितलं.

"झालं तुझं सांगून?" मग ती म्हणाली. "आता काय करू मी याचं? आई परत येणार आहे?"

"ताई, त्या बाईची नोकरी गेली. आपल्यामुळे."

"तुझ्यामुळे म्हण. मी तुला विचारूनच सही केली होती. तूच म्हणालास ना, वाजतेच म्हणून?"

"हो. मीच म्हणालो."

"मग मला कशाला ओढतोस? मी दोन वर्षं त्या बाईला शिव्याशाप देऊन दिवस काढलेत रे. रोज. तेवढाच आधार होता मला. तो काढून घेतोस, आणि त्या जागी कोणाला बसवू? तुला बसवू?" तिचा आवाज फुटला. "मी कुठेही सही करणार नाही. मला पुन्हा विचारायचंही नाही. शपथ आहे माझी."

फोन बंद झाला. काकांनी पुन्हा लावला नाही. 

तिथून काका आईच्या वृद्धाश्रमाकडे गेले. फाटकावरच्या वॉचमनने सिस्टरचा पत्ता सांगितला. "त्या ना? कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात असतात आता, पुलापलीकडे. त्या प्रकरणानंतर कुठल्या हॉस्पिटलने दारात उभं केलं नाही त्यांना. माणूस लाखमोलाचं होतं, साहेब." काकांनी मान हलवली आणि ते पुलाकडे चालू लागले.

ऊन उतरलं होतं. दुकान अरुंद, आत वाफ आणि साबणाचा वास. ती काउंटरमागे उभी राहून शर्टाची कॉलर दाबत होती. केस बरेच पांढरे झाले होते. तिने मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"आजींचा मुलगा ना तुम्ही?"

काकांनी वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "सिस्टर, दुसरी घंटा वाजली नव्हती," ते एवढंच म्हणाले.

तिचा हात थांबला. काकांनी मग सगळं सांगितलं. आजोबांच्या खोलीतलं बटण, राहून गेलेली ओळ, सहा वर्षांचा हिरवा रंग. काहीच झाकून ठेवलं नाही.

"नव्हती वाजली," ती स्वतःशी म्हणाली. "दोन वर्षं मी रोज आठवून बघते हो. इतक्या वेळा आठवलं, की हल्ली मला ती ऐकू यायला लागली होती. वाटायचं, वाजलीच असणार, मीच बहिरी. एवढा शिकलेला माणूस कशाला खोटं सांगेल?"

तिने शर्ट फिरवून एक बाही इस्त्रीच्या पाटावर घेतली.

"आजींनी परत दाबलं होतं का बटण?" तिने विचारलं.

नाही म्हणावं, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. "नऊ वेळा," ते म्हणाले.

 तिने पदराने डोळे पुसले. मग शर्टाची दुसरी बाही पसरली आणि ती पुरी करूनच इस्त्री उभी ठेवली.

काकांनी खिशातून कागद काढला. येतायेता बाकावर बसून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की घंटेत दोष होता, तो माझ्या हातून झाला, सिस्टरचा काही अपराध नव्हता. खाली सही. "कंपनी लिहून देत नाही. म्हणून मीच लिहिलंय. हे घेऊन कुठेही दाखवा."

"तुमच्या नोकरीवर येईल."

"येऊ दे."

खिशात कोंबल्यामुळे कागदाला ठिकठिकाणी सुरकुत्या पडल्या होत्या. तिने तो पाटावर पसरला, तळहाताने सारखा केला आणि एकेक शब्दावर बोट ठेवून वाचला. दोनदा वाचला. मग सवयीने त्यावर एक कापड टाकलं आणि त्यावरून इस्त्री हळूच फिरवली.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "पण तुम्ही नुसतं सांगितलं होतंत. तक्रार तुमच्या ताईंची होती. त्या मला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, तू मारलंस माझ्या आईला. माझी मुलगी बाहेर बाकावर बसली होती तेव्हा, न्यायला आली होती मला. तिने ऐकलं." तिने कापड उचललं. "मला नोकरी नको आता, पाय चालत नाहीत. दाखवायचं असलं तर तिला एकटीला दाखवायचंय. पण त्यावर ताईंची सही पाहिजे. तेवढी आणून द्या." तिने कागद काकांच्या हातात परत दिला.

काकांनी तोंड उघडलं. ताईची शपथ सांगावी, फोनवर काय झालं ते सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ती त्यांच्याकडे इतक्या साध्या डोळ्यांनी बघत होती, की त्यांना काही सांगता आलं नाही.

"घाई नाही," ती म्हणाली. "दुकान आठवडाभर उघडं असतं."

मागून एक गिऱ्हाईक आलं. "जरा बाजूला होता का?" असं काकांना म्हणून तिने त्याचे कपडे मोजायला घेतले. काका भिंतीला लागून उभे राहिले. कागदाची एकही सुरकुती उरली नव्हती, आणि तो त्यांच्या हातात अजून गरम होता.