दोन फळ्या

“अप्पा, आपण लातूरला राहायला कधी जायचं?”

विचारून दाखवायची पैज लागली होती. पंचफुला आणि बाकीच्या मैत्रिणी समोरच्या लिंबाखाली तोंड दाबून उभ्या होत्या आणि गौराने उदगीरच्या भर बाजारात, गल्ल्यावर बसलेल्या बापाला विचारलंच.

“दिवाळी झाली की,” गुरुबसप्पा म्हणाले. “दुकान बी तिकडंच हलवू. नवा जिल्हा झालाय, कचेऱ्या आल्यात. तिथं लोक वासाचा साबण, बिस्किटं मागायलेत. हितं दुष्काळात मीठ-मिरचीपलीकडं कोण काय नेतंय?”

गौराने दारातच गिरकी घेतली. कॉलेज, टॉकीज, सगळं लातूर तिच्या डोळ्यांपुढून फिरलं. लिंबाखालचं हसू मात्र थांबलं होतं.

“तूर बी तिथल्याच अडतीतून घेऊ. सीमेच्या नाक्यावर पोती अडवायला लागल्यापास्नं कमालनगरच्या बाया कुठं येतेत?”

आत गौराच्या आईची, महानंदाची, चाळणी थांबली. कर्नाटकातलं कमालनगर हे तिचं माहेर. दर बाजाराला तिथल्या बाया दुकानात तूर ओतायच्या आणि मीठ, चहापत्ती बांधून होईतो तिला गावाकडचं सगळं सांगायच्या. कुणाची गाय व्याली, कुणाची भिंत पडली. तिचं स्वतःचं जाणं वर्षातून एकदा, पंचमीला.

दुपारी कमालनगरची बसम्मा आली. डोक्यावर पोतं नव्हतं. पदराची गाठ सोडून तिने ओंजळभर तूर महानंदाच्या हातात ओतली.

“एवढी आणू देतेत.”

“आमची अव्वा?” महानंदाने आईचं विचारलं.

“उंबऱ्यावर बसून ऱ्हाती. बाजारातनं कुणी बी परतलं की इचारती, पोरगी दिसली का?”

गुरुबसप्पांनी तराजूकडे पाहिलं. “एवढ्यावर दुकान चालत न्हाई, बसम्मा.”

“मी कुठं इकाया आणली, सावकार?” म्हणत ती उठली.

महानंदाने ती तूर डब्यात टाकली नाही. मूठ तशीच मिटून तिने दुसऱ्या हाताने चाळणी उचलली. एका हाताने चाळता येईना. गौरा बघत राहिली.

बाजार उठला. गुरुबसप्पा दुकानाच्या फळ्या लावू लागले. शेवटच्या दोन गौराने धरून ठेवल्या.

“सोड, पोरी.”

“अप्पा, तुम्ही दोघं जा लातूरला. मी मॅट्रिक हितंच करणार, नागम्मा आत्याकडं राहून. बाजारादिवशी शाळा सुटली की ह्या दोन फळ्या काढून मी दुकानात बसंन. बसम्मा काय सांगंल ते रविवारी एष्टीनं लातूरला येऊन माझ्या अव्वाला सांगंन.”