कुणाला कोणती गोळी

मास्तरांचा देवावर विश्वास नव्हता आणि धाकट्या बहिणीचा होता, एवढ्यावरून दोघांचं जन्मभराचं भांडण मजेत चाललं होतं. मास्तर शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. बहीण मोठ्या इस्पितळात संख्याशास्त्रज्ञ. नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तिच्या हाताखालून जायचे. कामावर निघण्याआधी ती रोज डोळे मिटून शांत बसायची. दिवसभर अक्कल वापरायची म्हणून सकाळी तिला रजा देतेस का, असं मास्तर विचारायचे. ती हसून सोडून द्यायची, त्यामुळे त्यांना जास्तच चेव यायचा.

मग मास्तरांच्या मुलीला झटके यायला लागले. वर्गात, जिन्यात, जेवताना, कुठेही. नेहमीची औषधं पुरी पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी तिला एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. चालू औषधांच्या जोडीला निम्म्या रुग्णांना नवी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली साधी गोळी. कुणाला कोणती, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना. ती माहिती संगणकात कुलूपबंद होती आणि अशा कुलपांच्या किल्ल्या आत्याकडे असत.

माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, म्हणून प्रयोगात डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची, हे मास्तर वर्गात रंगवून सांगत. पण पोर जिन्यावरून पडली, कपाळाला टाके पडले, आणि त्यांचा धीर सुटला. ते तडक बहिणीच्या ऑफिसात जाऊन थडकले. तिनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. नुसतं बघून सांग, म्हणाले. कानोकान खबर लागणार नाही. साधी गोळी असली तर पोरीला बाहेर काढू, दुसरा इलाज शोधू. सख्ख्या भाचीसाठी एवढंही करणार नाहीस?

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"किल्ली माझ्याकडे नाही, दादा. पोरीचं नाव चाचणीत आलं त्याच दिवशी साहेबांना सांगून मी ते काम सोडलं."

"मी विचारीन म्हणून?"

"मी बघेन म्हणून. माझा विश्वास देवावर आहे. स्वतःवर नाही."

मास्तर चिडले. मग रोज सकाळी मागतेस तरी काय, असं त्यांनी कडवटपणे विचारलं.

"पोर बरी व्हावी, हेच. आणि चाचणीचं उत्तर, मला आवडो न आवडो, खरं निघावं."

तिचे डोळे सुजलेले आहेत, हे त्यांना तेव्हा कुठे दिसलं.

पुढे बरेच दिवस त्यांनी अबोला धरला. तिनं मात्र येणं सोडलं नाही. भाचीचा दंड धरून तिला जिना उतरवायची, फिरवून आणायची, भावाच्या फुगलेल्या तोंडाकडे काणाडोळा करायची. मास्तर खिडकीतून बघत राहायचे. आपण जन्मभर जे फळ्यावर लिहिलं, ते हिनं करून दाखवलं, हे त्यांना कळत होतं. कबूल करायला जीभ रेटत नव्हती, इतकंच.

निकाल लागला. औषध गुणकारी ठरलं. पोरीला मात्र साध्या गोळ्या मिळाल्या होत्या. हे सांगायला बहीण स्वतः आली आणि दारातच उभी राहिली. भाऊ तोंडाला येईल ते बोलेल, याची तयारी करूनच आली होती.

मास्तर म्हणाले, "सगळ्यांच्या आत्यांनी डोकावून बघितलं असतं, तर आज हे औषध खरं की खोटं, कुणालाच कळलं नसतं. आत ये. बस."

ती बसली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

पोरीला खरी गोळी सुरू झाली. झटके पार गेले नाहीत, पण इतके कमी झाले की ती एकटी शाळेत जाऊ लागली. एकदा चहा घेताना तिनं सरळच विचारलं, "आत्या, मी साध्या गोळ्या खात होते तेव्हा तू रोज प्रार्थना करायचीस. त्याचा काही उपयोग झाला का?"

"ते मोजायची पट्टी माझ्याकडे नाही गं," आत्या म्हणाली.

पोरीनं बापाकडे पाहिलं. एरवी असल्या वाक्यावर मास्तर तासभर बोलले असते. त्यांनी बहिणीचा कप पुढे ओढला आणि त्यात आणखी थोडा चहा ओतला.